शनिवारचा लाल ठिपका

वार्दो, ४ नोव्हेंबर

मेर्वी,

नाही, मला ते पटलेलं नाही. काल तू फोन आपटलास तेव्हा माझं वाक्य अर्धं राहिलं होतं, ते आता इथून पुढे वाच. फोनवर मी ओरडतो आणि तू ठेवून देतेस. कागद ठेवून देता येत नाही. फाडता येतो, पण तुझा स्वभाव मला माहीत आहे, आधी वाचशील आणि मग फाडशील.

तू बरी आहेस ना, पोरं बरी आहेत ना. मी बरा आहे. झालं विचारून.

"तुझ्या काळजीपोटी केलं." हे वाक्य पुन्हा माझ्यापुढे काढू नकोस. एप्रिलमध्ये बाबा तळघराच्या पायऱ्यांवर कोसळले. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली, महिनाभर इस्पितळ, मग कुह्मोचा वृद्धाश्रम. आणि मला कधी कळलं? बावीस ऑक्टोबरला. तेही तू सांगितलं नाहीस. वादळानं सांगितलं.

इथल्या खेकड्यांच्या कारखान्यात जेवणाची सुट्टी होती. टीव्हीवर दाखवत होते, कुह्मोकडे झाडं आडवी झालीत, सगळ्या भागात वीज नाही, दोन दिवस तरी येणार नाही. मी सवयीनं फोनवर तो नकाशा उघडला. तोच, ज्याला तू म्हाताऱ्यांची भातुकली म्हणतेस. जगभरातले साठ-सत्तर जण, प्रत्येकाच्या घरात चाळीस वर्षांपूर्वीचा कपाटाएवढा संगणक, आणि ते सगळे आजच्या इंटरनेटवरून एकमेकांना जोडलेले. जणू त्यांचं तरुणपण संपलंच नाही. ज्याचं यंत्र चालू त्याचा ठिपका हिरवा, बंद त्याचा लाल. आणि आपलं अस्वल, यादीतलं 'कार्हू', हिरवं! अख्ख्या गावात दिवा नाही, आणि बाबांच्या तळघरात गुरगुरणारं ते धूड, जे चार इस्त्र्यांची वीज एकटं पितं, ते हिरवंगार.

माझ्या शेजारी बसणारा लिथुआनियाचा विताउतास म्हणाला, "तुझ्या बापाकडे जनरेटर असेल."

मी म्हटलं, "माझ्या बापाकडे? अरे, तो टॉर्चच्या बॅटऱ्या चुलीवर शेकून पुन्हा वापरतो!"

मग मी बाबांना फोन लावला. वाजत राहिला. मग तुला लावला. आणि तू पहिलं वाक्य काय बोललीस आठवतं का? बाबा कसे आहेत हे नाही. तू म्हणालीस, "अरे, ते अस्वल नाहीच आहे. ते माझ्या टीव्हीच्या मागे आहे."

साबणाच्या वडीएवढी डबी! आत बाबांच्या तबकड्यांची हुबेहूब नक्कल. तेच नाव, तोच नंबर, तेच बोलणं. ती डबी ओउलूमध्ये तुझ्या दिवाणखान्यात बसून जगाला सांगत होती, मी अस्वल आहे, माझं बरं चाललंय. आणि इथे मी रोज सकाळी हातमोजे चढवण्याआधी त्या साबणाच्या वडीकडे बघून म्हणायचो, चला, म्हातारा घरी आहे.

मी बेर्तिललाही सोडलं नाही. उप्सालात बसून सगळ्यांचे नंबर आणि तो नकाशा सांभाळतो ना, त्यानंच ती डबी तुला बनवून पाठवली. माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याला लिहिलं, तू बापासमान माणूस, तुला लाज नाही वाटली? त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. शब्द जवळजवळ असेच होते: "तुझ्या बहिणीनं मागितली म्हणून करून दिली. पण आमच्यात फसवाफसवी चालत नाही. खऱ्या यंत्राऐवजी नक्कल चालू असेल तर यादीत नावापुढे तारा लावायचा, हा आमचा नियम आहे. कार्हूच्या नावापुढे तो एकोणीस एप्रिलपासून आहे. यादी नकाशाच्या खालीच असते. तू कधी खाली सरकवून बघितलं नाहीस?"

नाही बघितलं. मला ठिपका पुरायचा.

आणि त्यानं आणखी एक ओळ लिहिली होती, ती वाचल्यावर त्या दिवशी मी खेकड्यांचे चार खोके चुकीच्या पट्ट्यावर टाकले. "वार्दोहून रोज एकच माणूस माझा नकाशा बघतो. ते मी ताउनोला केव्हाच सांगितलं होतं. तो म्हणाला, माहीत आहे, ते माझं पोरगं आहे."

म्हणजे तू काल सांगत होतीस ते खरं असणार. इस्पितळात बाबांना धड शब्द फुटत नव्हते तेव्हा त्यांनी तुझी बाही ओढून पहिलं हेच सांगितलं: "अस्वल बंद पडू देऊ नकोस. पोरगा बघतो." बरं. मानतो. तू सांगितल्याप्रमाणे केलंस, तू नेहमीच सांगितल्याप्रमाणे करतेस. पण मेर्वी, बाबांनी बंद पडू देऊ नकोस म्हटलं होतं. शनिवारी बंद करू नकोस असं नव्हतं म्हटलं!

तुला यातलं काही ठाऊकच नाही, कारण कागद कारखाना बंद झाला आणि बाबा तिथलं यंत्र बटाट्याच्या ट्रेलरवर घालून घरी घेऊन आले, तेव्हा तू ओउलूला निघून गेली होतीस. मी सहा वर्षांचा होतो. तेव्हा ऐक. आपल्या घराचा फ्यूज अस्वल आणि वाफेच्या अंघोळीची, सॉनाची विजेची शेगडी दोन्ही एकदम पेलत नाही. पहिल्याच शनिवारी उडाला. आई डोक्याला साबण लावून काळोखात उभी, आणि तिथून ओरडली, "ताउनो, आज ठरव! तुला बायको हवीय की अस्वल?" तेव्हापासून नियम झाला. शनिवारी बरोबर चारला बाबा स्वयंपाकघरातल्या, अस्वलाला जोडलेल्या पडद्यासमोर बसायचे, जाळ्यातल्या सगळ्यांना एक ओळ लिहायचे, "सॉना. साडेसातला येतो," आणि अस्वल बंद करायचे. मग शेगडी. साडेसातला, कान लाल, खांद्यावर टॉवेल, पुन्हा चालू. आई गेल्यावरही एक शनिवार चुकला नाही. कुठल्या कुठल्या देशातले म्हातारे त्यावर घड्याळ लावायचे. बेर्तिल म्हणायचा, कार्हू अंघोळीला गेलं.

कळलं? हिरवा ठिपका म्हणजे नुसतं यंत्र चालू. माणूस ठीक आहे हे लाल ठिपका सांगायचा. शेगडी पेटवण्याइतकी ताकद आहे, बादली उचलता येते, पायऱ्या उतरता येतात, हे सगळं त्या साडेतीन तासांच्या लालमध्ये होतं.

आणि तू काल मला काय सांगितलंस? की बाबा आता भरकटलेत. की तू दर शनिवारी तीन तास गाडी हाकून त्यांच्याकडे जातेस (जातेस, ते मी नाकारत नाही, मी एकदाही गेलेलो नाही), त्यांना बरं वाटावं म्हणून फोनवर तो हिरवा ठिपका दाखवतेस, आणि ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात, ठिपक्याकडे बघतात आणि रडायला लागतात. म्हणतात, "हिरवा? म्हणजे आज कोणी अंघोळच केली नाही." आणि तू त्यांना म्हणतेस, "अहो बाबा, असं काय करता? रोज तर धुतात तुम्हाला!" आणि नर्सकडे बघून मान हलवतेस.

ते भरकटलेले नाहीत, मेर्वी! त्या अख्ख्या इमारतीत नीट विचार करणारे तेवढे एकटेच आहेत. संध्याकाळचे चार वाजून गेलेत, शनिवार आहे, आणि त्यांच्या घरात सॉना पेटलेला नाही, हे ते तुला सांगतायत. तू त्यांना दर आठवड्याला पुरावा नेऊन दाखवतेस की त्यांचं घर संपलं, आणि वर विचारतेस रडताय का!

हे लिहिताना डोक्यात इतकी तिडीक गेली होती की उठून बाहेर जाऊन आलो. बंदरावर कोणी नव्हतं. आता पुढचं लिहितो. ते फोनवर बोललो नसतोच, बरं झालं तू ठेवलास.

शनिवारचा नियम मला माहीत होता. मलाच माहीत होता. मग तेरा एप्रिलला तिकडे चार वाजले, साडेचार झाले, पाच झाले, ठिपका हिरवाच. मी पाहिलं. म्हटलं सर्दी झाली असेल. वीसला पुन्हा हिरवा. सत्तावीसलाही. आणि मग मला सगळं उमगलं, मी इतका हुशार ना! बाबांनी वायरमन बोलावला होता.

तुला तो नाताळ आठवत असेल, मी जेवणावरून उठलो तो. का उठलो ते तुला दोघांनीही सांगितलं नाही. मी बाबांना म्हटलं होतं, सॉनासाठी मी वेगळी लाईन ओढून देतो, नवीन पेटी बसवतो, मग दोन्ही एकदम चालेल. वायरमनचा कोर्स मी दीड वर्ष केला होता, एवढं मला येत होतं. ते म्हणाले, "अर्ध्यात शाळा टाकलेल्यानं माझ्या फ्यूजला हात लावायचा नाही. घर जळेल." मी म्हटलं जळू दे. आणि इथे आलो.

म्हणून शनिवारी हिरवा दिसला तेव्हा मला वाटलं, लावू दिला हात कुणाला तरी. प्रमाणपत्रवाल्याला. त्या माणसाला मी चेहरासुद्धा दिला होता. कायानी शहरातला, कातरलेली दाढी, स्वच्छ व्हॅन, बाबा त्याला कॉफी देतायत आणि म्हणतायत, "असं काम हवं." दर शनिवारी तिकडच्या चारला मी ठिपका बघायचो आणि त्या वायरमनला शिव्या घालायचो. दोनदा बाबांचा नंबर काढला होता, लावला नाही. म्हटलं आता त्यांनीच करावा. सहा महिने, मेर्वी. तिकडे ते एका हातानं चमचा धरायला शिकत होते, आणि मी इकडे नसलेल्या माणसावर रुसून बसलो होतो.

तू सहा महिने लपवलंस. मला सहा महिने दिसत होतं. आता कोणी कोणावर ओरडायचं ते तू सांग. मी थांबणार नाही, मला दुसरं काही येत नाही.

पण घर विकायचं म्हणून अस्वल न्यायला तू बोलावलेल्या त्या भंगारवाल्याला वीस तारखेला येऊ द्यायचं नाही. घर वीक, मला घर नको, भिंती तुझ्या. अस्वलाला हात लावायचा नाही. चौदा डिसेंबरला इथलं काम संपतं, तेव्हा मी येऊन त्याचं बघतो. आणि त्याआधी एक शनिवार मला हवा आहे. सोळा नोव्हेंबर.

यर्मोला बरोबर घे, बाबांना उचलायला नवरा कामी येईल. एक दिवस आधी जा आणि तळघर गरम कर, सहा महिने थंड पडलंय ते. तुझी डबी निघण्यापूर्वी ओढून काढ, एकाच नंबराची दोन यंत्रं जाळ्यात आली की दोन्ही आडवी होतात. शनिवारी सकाळी अस्वल चालू कर. आधी पंख्यांचा खटका, मग डाव्या तबकडीचा, तिचा आवाज शिट्टीसारखा बारीक होईपर्यंत थांब, मग उजवी, मग सगळ्यात शेवटी मधला. घाई केलीस तर ते खोकतं आणि बसतं. नाव विचारेल, बाबांचं घाल. बेर्तिलला मी लिहिलंय, त्या दिवसापुरता तारा काढायला. तो म्हणाला, आनंदानं.

मग बाबांना आण. चाकाच्या खुर्चीची टॅक्सी मिळते, मी विचारलंय. तळघरात नेऊ नकोस, पडदा स्वयंपाकघरात आहे. चारला त्यांना त्याच्यासमोर बसव आणि गप्प राहा. काय लिहायचं ते सांगू नकोस. डाव्या हातानं वेळ लागेल, लागू दे. ते झालं की अस्वल बंद, मग शेगडी. याच क्रमानं, नाहीतर यर्मो साबण लावून काळोखात उभा राहील.

इथलं घड्याळ तासभर मागे, इथे तेव्हा तीन वाजलेले असतील. मी मुकादमाकडून सुट्टी मागून ठेवली आहे. लाल झाला की मला फोन करू नकोस, मला कळेल. त्यांना फक्त सांग, पोरगा बघतोय. आणि सांग की येईल तेव्हा फ्यूजला हात लावणार नाही.

तुझ्यावर अजून चिडलेला,
आर्त्तू

ता. क. टॅक्सीला, आणि त्या दिवशीच्या विजेला. तुझ्या खात्यात आज टाकले: चारशे वीस युरो.