बोडीतलं पाणी

गोंदिया,
२२ ऑगस्ट २०२५

चि. सौ. मोनालीस,

दुर्गेश्वरीचा आशीर्वाद. सालेकसाला तुझ्या माहेरी सगळे बरे असतील. इकडे मामाजींचं जेवण अर्ध्यावर आलं आहे. उमेंद्र भाऊजी रोज तुझ्या शेडवर जातात, सील लावलेल्या दारासमोर मोटारसायकल उभी करतात आणि परत येतात. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहिते. शेवटपर्यंत वाच.

आपल्याकडे धानाची रोवणी आटोपली. बोडीच्या तळ्याखाली शेत असलेल्या बकारामचं मात्र अर्धं शेत रिकामं राहिलं. बोडीच्या पाण्यानं त्याचे पऱ्हे, धानाची कोवळी रोपं, पिवळे पडले होते ना, मग नातेवाइकांकडचे उरलेले आणून जेवढं जमलं तेवढं रोवलं त्यानं. तुला वाटेल, ही बकारामचं कायले सांगून राहिली. सांगते.

हे गेल्यावर बारा वर्षं तांदळाच्या थैल्यांची छपाई मी एकटीनं चालवली. शाईत थिनर किती घालायचं ते मी वासावरून सांगायची. तू माझी धाकटी जाऊ होऊन आलीस तेव्हा छपाईची प्लेट थिनरनं कशी पुसायची तेही मीच तुला शिकवलं. मग वाटणी झाली, आणि तू तुझ्या शेडमध्ये पाण्याच्या शाईचं मशीन आणलंस. धूर-वास ओढून घेणारा पंखा बसवलास, प्रदूषण मंडळाची परवानगी काढलीस, जुन्या मशीनच्या खराब थिनरच्या ड्रमवर तारीख टाकलीस. मी हसले होते. म्हटलं, छपाई करते की दवाखाना चालवते?

पण मिलवाले तुझ्याकडे जाऊ लागले. परवानगीचा कागद आता त्यांनाही दाखवावा लागतो म्हणे. मामाजी दुपारी माझ्याकडे बसायचे, ते तुझ्याकडे बसू लागले. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "तिथं श्वास घेता येते, सूनबाई." बारा वर्षं मी कोणत्या हवेत श्वास घेतला, हे त्यांनी कधी विचारलं होतं का?

मग तू माझ्या दारात आलीस. "ताई, तुमचंही खराब थिनर नाल्यात नका टाकू. तुमच्या नावानं कागद करून देते, माझ्या ड्रमसोबत त्याच गाडीत जाईल." गोड बोललीस. तेच मला जास्त लागलं. तू भांडली असतीस तर बरं झालं असतं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात तू मामाजींना डोळे दाखवायला घेऊन गेली होतीस. त्या दुपारी मी माझ्या खराब थिनरचे दोन डबे तुझ्या शेडमागच्या नाल्यात ओतले.

लिहिलं एकदाचं.

वाटलं होतं, तुझ्या शेडपाशी वास येईल, लोक दोन शब्द बोलतील, तुझा तोरा उतरेल. नाला पुढे बोडीला मिळतो हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी तिकडे पाहिलंच नाही. दुसऱ्या दिवशी बकाराम माझ्याकडेच आला. "वहिनी, बोडीत मासोळ्या मरून राहिल्या. पाणी कायचं वास मारते?" मी म्हटलं, "मोनालीच्या शेडवर विचार."

मंडळाचे साहेब तपासणीला आले तेव्हा तू थिनरचं रजिस्टर उघडून सांगत होतीस, माझ्या ड्रममधला थेंब कमी नाही. मग ते माझ्याकडे आले. मी सांगितलं, "माझं खराब थिनर मी मोनालीलाच देते." रजिस्टरात त्याची नोंद नव्हती, म्हणजे ते तूच नाल्यात ओतलंस असं ठरलं. तुझ्या दाराला सील लागलं ते त्या एका वाक्यानं. भाऊजी लोकांपुढे हात जोडून उभे होते आणि तू माझ्याकडे पाहत होतीस. तुला तेव्हाच कळलं होतं ना?

खरं सांगते, पहिले आठ दिवस मला बरं वाटलं. मिलवाले परत आले. तुझ्याकडच्या बाया माझ्याकडे कामाला आल्या.

त्यात डिंपल होती. गेल्या आठवड्यात प्लेट पुसता पुसता चक्कर येऊन मशीनजवळ पडली, कपाळाला चार टाके पडले. दवाखान्यात शुद्धीवर आली आणि म्हणाली, "मोनालीताई हातमोजे देत होती, पंखा चालू ठेवायची." माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? हिलासुद्धा तीच पाहिजे. पोरीच्या कपाळावरून रक्त येत होतं आणि मी तुझ्यावर जळत होते. तिथे बाकावर बसले आणि मला माझीच भीती वाटली.

काल मी साहेबांकडे जाऊन लेखी जबाब दिला. बकारामला सोबत नेलं होतं. तो सगळं ऐकून घेत होता. बाहेर आल्यावर एवढंच बोलला, "मले तर त्या दिवशी तुम्ही मोनालीवहिनीचं नाव सांगितलं. मी चार गावांत सांगत फिरलो." आणि एकटाच बसस्टँडकडे निघून गेला.

आज माझ्या युनिटला सील लागलं. पुढची कारवाई होईल ती मी भोगीन. तुझं सील सोमवारी काढणार आहेत. भाऊजी तुला न्यायला येतील. मामाजींना मी स्वतः सांगितलं. ते काठी घेऊन अंगणात जाऊन बसले.

तू माफ कर असं मी लिहीत नाही. आता मला तुझा राग येत नाही असंही नाही. तू परत येशील, बाया तुझ्याकडे जातील, मामाजी तुझ्याकडे बसतील, आणि मला ते दिसत राहील. जळायचं थांबेल की नाही माहीत नाही. पण यापुढे जळले तर माझ्या घरात जळीन. तुझ्या दारापर्यंत येऊ देणार नाही.

ये. डिंपल वाट पाहून राहिली.

तुझी घरची म्हणवणारी, आणि तरीही साहेबांना तुझं नाव सांगणारी,
दुर्गेश्वरी