निळे पांघरूण

२ एप्रिल, सकाळी

विणकामास प्रारंभ. नातीच्या शाळेत प्रदर्शन भरणार आहे. त्यासाठी दुपारचे तापमान पाहून पांघरुणाची रोज एक ओळ विणावयाची. थंड दिवस निळा, उष्ण दिवस लाल. पृथ्वी किती तापली, हे पुढच्या पिढीस कळावे, हा हेतू. माझ्या मते उष्मा वाढलेला नाही. माणसे नाजूक झाली आहेत. हे मी पांघरुणानेच सिद्ध करीन. सबब केवळ निळी लोकर आणली.

३ एप्रिल

टाके सुटले. सुया सदोष. त्या मी उलट्या धरल्याचे पत्नीने सांगितले. चौथीत हस्तकलेत माझा पहिला क्रमांक होता, हे तिला स्मरत नसावे. ती तेव्हा तिथे नव्हती.

९ एप्रिल, दुपारी

गच्चीवर टांगलेला थर्मामीटर लाल म्हणतो. उन्हात उभे केल्यास कोणीही तापेल! न्हाणीघरात हलविला. निळा.

२० एप्रिल

न्हाणीघरही फितूर झाले. थर्मामीटरास विश्रांती मिळावी म्हणून फ्रिजमध्ये ठेवले. अत्युत्कृष्ट निळी ओळ!

४ मे

सुनेस थर्मामीटर दुधामागे सापडला. बाबा, हा किती दिवस टिकतो, असे तिने विचारले. मी घाम पुसण्यात व्यग्र होतो.

११ मे

शेजारचे शिंपी पांघरूण पाहून म्हणाले, अहो, हे कुठल्या गावचं हवामान? आम्हालाही न्या की तिकडे! मत्सर, दुसरे काय.

२ जून

नातीने पांघरूण अंगावर घेतले. स्तुती होणार म्हणून मी नम्र चेहरा करून बसलो. ती म्हणाली, आजोबा, मी मोठी झाल्यावर आजचं ऊन मला ह्यात बघायचंय. तेव्हा तुम्ही नसाल, मग खरं कोणाला विचारू?

पत्नी म्हणाली, बोला आता.

मी पांघरूण मांडीवर ओढले. उसवावयास घेतले. खरे आकडे नातीने शाळेच्या वहीत रोज टिपलेले आहेतच. उसवण्यात माझा हात विलक्षण जलद चालतो, हे नमूद करणे भाग आहे.

३ जून, दुपारी

लाल लोकर आणावयास स्वतः पायी गेलो. दुकानदार म्हणाला, लाल केव्हाच संपली, आजोबा. शाळेची सगळी पोरं तीच नेतात. निळी न्या हवी तेवढी, अर्ध्या किमतीत देतो.

त्याने पंख्याखाली खुर्ची दिली, पाणी दिले.

ऊन फार आहे, असे मी म्हणालो.