दोन्ही घरं पाहून झाली

ताई,

तुला न कळवता आम्ही काल तुझ्या गल्लीतली रिकामी जागा बघायला आलो होतो. घरमालकीण माझ्याशी गोड बोलली, पण ह्यांचं आडनाव ऐकताच म्हणाली, "अगं बाई, जागा तर गेलीसुद्धा!"

बाजारामागच्या वस्तीत नाना भाषांची, नाना धर्मांची माणसं राहतात. तिथे आडनाव कुणीच विचारलं नाही. पण जिन्यात काळोख होता आणि शेजारीण हळूच म्हणाली, "लेकीला एकटीला खाली सोडू नका हं."

लेक विचारते, "आई, मग आपण जायचं कुठे?"

तुझ्या गल्लीतून निघताना मला तू गॅलरीत दिसलीस. मी हात वर केला, तेव्हा तू आत गेलीस. म्हणून हे पाठवायचा धीर होत नाही.

तुझीच,
धाकटी