सुभान हे नाव कुणाचं

लासुर्णे

प्रिय दिग्विजय,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी एक वाक्य सुरू केलं की तुझं "बरं बरं, ठेवतो" सुरू होतं. म्हणून आज कागद घेतला. हा निम्म्यात तोडता येत नाही. आधी तू एकट्यानं वाच, मग बायकोला दाखव, आणि तुझ्या सासूबाई पणदऱ्यात आल्या असतील तर त्यांना मोठ्यानं वाचून दाखव. इकडं सगळं ठीक आहे. पाटाला पाणी आलंय, दोन्ही शेळ्या व्याल्या आहेत, माझं गुडघ्याचं दुखणं आहे तसंच आहे. तुझ्या सुभान्याचे पडलेले पुढचे दात परत आले का? मागं व्हिडिओवर हसला तर मला आपल्या आबांचाच भास झाला. त्या लेकराशी माझं काही भांडण नाही, हे आधीच लिहून ठेवते.

त्याच्या बारशाच्या वेळचं तुला आठवतं का बघ. तुझ्या बायकोनं मोबाईलवरनं नावं काढली होती आणि त्यातलं एकेक नाव तुमच्या गल्लीत आधीच कुणाच्या ना कुणाच्या पोराचं निघत होतं. मग तुला अक्का आठवली. "अक्का, असं नाव दे की बारामती तालुक्यात दुसरं सापडलं न्हाय पाहिजे." मी म्हणाले, सुभान. तू दोनदा म्हणून बघितलंस आणि खूश झालास. हे नाव आपल्या घरात कुठनं आलं ते मी सांगायला लागले, तर म्हणालास, "ष्टोरी ऱ्हाऊ दे अक्का, नाव लई भारी हाय." आणि फोन ठेवलास. मी तरी किती येडी. मला वाटलं, गडबडीत असशील, बारशाला निवांत सांगू.

बारशाला मी आदल्या दिवशीच आले होते. पाळण्याच्या दोऱ्या मी बांधल्या, घुगऱ्या मी शिजवल्या. बायका जमल्या, मी हात पुसून बाहेर निघाले तर तुझ्या सासूबाई दारातच उभ्या. आवाज अगदी मऊ. "सारजाताई, राग मानू नका, पण पाळण्याला सवाष्णच लागती." आमचे हे जाऊन तेव्हा दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती. मी तुझ्याकडं बघितलं. तू मोबाईलमध्ये बघत होतास. दिग्विजय, आई गेल्यावर तुला कडेवर घेऊन मी शाळेत बसले आहे, मास्तरांच्या शिव्या खाल्ल्या आहेत. त्या दिवशी तुला मान वर करता आली नाही. मग चुलत्याची संजीवनी नवं लुगडं सावरत पुढं झाली आणि मी काढलेलं नाव तिनं बाळाच्या कानात सांगितलं. कुर्रर्र झालं, धपाटे तिच्या पाठीत पडले, साडी तिला मिळाली. मी आत घुगऱ्या ढवळत ते सगळं ऐकलं. साडीला मी भुकेली नव्हते. पण सख्ख्या आत्याचा तेवढाच एक मान असतो, आणि तो माझ्या भावानं माझ्या देखत दुसरीला दिला.

आणि मग तुझा तो फ्लेक्स. चौकात एवढा मोठा, पोरगं फेट्यात, शेजारी तू गॉगल लावून. खाली लिहिलेलं, "सरदार सुभानराव यांचा वारसा." एसटीतनं मला तो दिसला आणि मी हसायला लागले, शेजारची बाई सरकून बसली. अरे, कुठला सरदार? आपल्या घरात तलवार सोड, धड विळा नव्हता. तू ऐकून घेतलं नाहीस, आता वाच.

आपल्या पणजोबांच्या आईची पोरं जगत नव्हती. एकामागं एक गेली. मग त्या काळी करायचे तसं केलं. मूल झाल्या झाल्या उकिरड्यावर ठेवायचं, परक्या माणसानं ते उचलायचं आणि आईनं त्याच्याकडनं विकत घ्यायचं, म्हणजे मरणाला वाटावं की हे ह्या घरातलं नव्हंच. आपल्याच भावकीतलं कुणी उचलायला तयार होईना, आपल्या अंगावर बला येईल म्हणून. तेव्हा कऱ्हाटीहून बांगड्या भरायला येणारा सुभान मणेर वेशीतनं येत होता. त्यानं बांगड्यांचा भार खाली ठेवला, उकिरड्यावरचं पोर उचललं, धोतरानं पुसलं आणि पसाभर जोंधळ्यावर आईला परत दिलं. नाव काय ठेवू म्हणून तिनं विचारलं, तर म्हणाला, "माझंच ठेव. मी एवढी वर्षं जगलोय, त्योबी जगंल." ते जगलं. त्याच्यापासनं आपण आहोत, तू आणि तुझा फ्लेक्सपण. आजी ठमाबाईनं हे मला सांगितलं, पाय चेपून घेता घेता. तुला सांगितलं नाही, कारण तू कधी तिच्यापाशी बसलाच नाहीस.

आता तुझ्या मनात बरेच दिवस आहे ते विचारून टाक. व्हय, मीच केलं.

मी गावची आशा सेविका आहे, हे तू पाहुण्यांत सांगत नाहीस. पण लासुर्ण्यात आणि आसपासच्या वस्त्यांवर बाळ जन्मलं की त्याला घरी येऊन वजन करायला, नाळ बघायला पहिला हात लागतो तो माझा. तिथं कुणाची सासू दारात आडवी येत नाही. बाळंतिणी विचारतात, ताई, नाव सुचवा की काहीतरी येगळं. मी सुचवलं. नुसतं नाव नाही, उकिरड्याची गोष्टपण सांगितली, तुला नको होती ती. ज्यांचं पहिलं गेलेलं होतं त्या तर रडल्या आणि तेच ठेवलं. पहिला सुभान इथल्या वस्तीवर झाला, दुसरा त्याच्या मामाकडं, आणि मग मला सुचवावंसुद्धा लागलं नाही. राजमहंमदचाचा मणेर, ज्यांचं इथं बांगड्यांचं दुकान आहे, ते त्याच सुभानच्या घरातले. त्यांनाही मी हे सांगितलं. त्यांची नातसून मुबशिरा, तिला पोरगा झाला, त्याचंही नाव सुभान. तिनं बाळ माझ्या मांडीवर दिलं आणि म्हणाली, "खाला, पैले तुमीच हाक मारा." माझ्या कपाळावर काय आहे न् काय नाही, ते तिथं कुणी बघितलं नाही.

अंगणवाडीत बाईंनी सुभान म्हटलं की आता निम्मी रांग उठते. आणि आमच्या शेजारच्या माऊलीनं शर्यतीचा खोंड घेतला, त्यालाही सुभान हे नाव मीच दिलं. पार इंदापूरपासून बारामतीपर्यंत त्याच्या नावानं माईक गाजतो. तुझ्या पोराच्या वाढदिवसाला पणदऱ्यातली पोरं फ्लेक्सखाली "सुभान पळाला, सुभान पळाला" ओरडली आणि तू चिडून फ्लेक्स उतरवलास, हे मला त्याच संध्याकाळी कळलं. मी त्या दिवशी शिरा केला. जास्तीचं तूप घालून केला. खोटं कशाला बोलू, इतकी गोड झोप मला ह्यांच्या माघारी पहिल्यांदा लागली. ज्या नावासाठी तू मला वापरलंस, ते मी तालुकाभर वाटून टाकलं, आणि तुझ्या वाट्याला त्यातलं एकच आलं, बाकीच्यांसारखं.

आता परवाचा तुझा फोन. दुसरा मुलगा झाला, आनंद झाला, बाळ-बाळंतीण सुखरूप राहोत, हे मनापासून. पण पुढं तू काय बोललास? "अक्का, अजून एक नाव काढून दे. आणि ह्या टायमाला कुणाला सांगू नकोस." बारसं कधी ते तू मला सांगितलं नाहीस. ते मला संजीवनीच्या स्टेटसवर दिसलं, तिनं साडीसुद्धा निवडली आहे. तर ऐक. नाव माझ्याकडं आहे. सुभानपेक्षा जुनं, आजीनंच सांगितलेलं, आणि आज ते जगात कुणाचंच नाही. ते मी फोनवर सांगणार नाही, ह्या कागदावर लिहिणार नाही, ते फक्त बाळाच्या कानात सांगणार. मी बारशाला येते आहे, मोकळ्या कपाळानं. सासूबाई दारात असतील तेव्हा तू मोबाईल खिशात घालायचा, माझ्या हाताला धरायचं आणि सगळ्या बायकांच्या देखत मला पाळण्यापर्यंत न्यायचं. जमत नसेल तर संजीवनीला उभी कर. ती कानात काय सांगते ते सांगू दे, पण पुढं कधी मला नाव विचारायचं नाही, आणि पोरं मोठी होऊन आत्या कुठं असती म्हणाली तर खरं कारण तुझ्या तोंडानं सांगायचं.

तुझीच, आणि तुझ्या पोरांची एकुलती एक सख्खी आत्या,
सारजाअक्का