खिडकीजवळच्या खुर्चीवरील हक्क

चि. भाच्यास मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझा खोकला गेला असल्यास तसे मामीला स्वतंत्रपणे कळव. ती मला रोज विचारते आणि मी रोज कोणत्याही पुराव्याविना 'गेला' असे सांगतो. कंबर वगळता मी ठीक आहे.

बाईंना जाऊन वर्ष झाले म्हणून आपल्या कचेरीने काढलेली आणि तू संपादित केलेली स्मरणिका मी तीन वेळा वाचली. (पहिल्या वेळी डोळे भरून आल्याने अक्षर दिसले नाही, दुसऱ्या वेळी शुद्धलेखन पाहिले, तिसऱ्या वेळी राग आला.) ऱ्हस्वदीर्घाच्या एकेचाळीस चुका मी पेन्सिलीने दाखवल्या आहेत, त्या पोटात घालतो. परंतु पृष्ठ नऊवर 'बाईंची सर्वांत मोठी चूक' म्हणून जो प्रसंग तू वर्णिला आहेस, तो तसा घडलेला नाही.

हे पत्र मामीही वाचणार, आणि आपण कचेरीत नेमके काय करतो हे तिला नऊ वर्षांत उमगलेले नाही, म्हणून आधी थोडे तिच्यासाठी. न्यायालयांचे निकाल आपले यंत्र वाचते आणि कोणत्या निकालाविरुद्ध कोणत्या तारखेपर्यंत अपील करता येईल, हे वकिलांना सांगते. न्यायालयाच्या नक्कल विभागातून निवृत्त झाल्यावर, एकसष्टाव्या वर्षी, मी तेथे लागलो. यंत्राने उचललेली तारीख बरोबर आहे ना हे कागदावर पाहून खूण करणे, हे माझे काम. बाई मजहून बावीस वर्षांनी लहान, तरी ते यंत्र घडवले त्यांनी, आणि पहिल्या दिवशी मला शेजारी बसवून एवढेच सांगितले, "काका, यंत्राला माहिती पुष्कळ आहे, शंका एकही येत नाही. शंका आपण घ्यायची." चाळीस वर्षे न्यायालयात काढूनही इतके नेमके वाक्य मी ऐकले नव्हते. (त्यात व्याकरणाचीही चूक नव्हती.)

त्यांनी घातलेला शिरस्ता तुला ठाऊक आहेच. पाण्याच्या यंत्राशेजारी चुकांची वही; ज्याची चूक त्याने स्वतःच्या अक्षरात, तारखेसह, तीत लिहायची. आठवड्यातील सर्वांत मोठी चूक ज्याची, त्याला पुढचा आठवडा खिडकीजवळची हातांची, गादीची खुर्ची. नव्या माणसाला ही थट्टा वाटे. बाई म्हणत, "चुकलेला माणूस आधीच खचलेला असतो, त्याला निदान पाठ टेकायला द्या." मी वहीत कधी एक ओळही लिहिली नाही, परिणामी नऊ वर्षे छपाईयंत्राजवळच्या स्टुलावर बसलो आहे. त्या स्टुलाला पाठ नाही. माझ्या कंबरेचा इतिहास हा असा निष्कलंक आहे.

आता प्रसंग. एका शिंपीणबाईंच्या विरोधात निकाल लागला होता. अपील न झाल्यास दुकान हातचे जाणार. मुदत तीस दिवसांची. आपल्या यंत्राने शेवटची तारीख ११ एप्रिल दाखवली, म्हणून त्यांचे वकील अर्ज तयार ठेवून निवांत. बाई रोज कोणताही एक निकाल काढून मूळ कागदाशी ताडून पाहत. २ एप्रिलला दुपारी तीन वाजता त्यांच्या हाती हाच आला. निकाल सुनावला ३ मार्चला, त्यावर सही झाली १२ मार्चला, आणि यंत्रात मुदत मोजली गेली होती सहीपासून. म्हणजे शेवटचा दिवस आजचाच. वकील फोन उचलेनात, लिफ्ट बंद. बाई चार जिने धावत उतरल्या. तिसऱ्यावर चपलेचा अंगठा तुटला, तेव्हा ती हातात घेऊन पुढे, थेट वकिलांच्या दारात. अर्ज दाखल झाला चार वाजून एकोणीस मिनिटांनी. न्यायालयाची अर्ज घेण्याची खिडकी बंद होते साडेचारला. (कचेरीच्या प्रमुखाने असे धावणे शोभत नाही, असे मी त्या वेळी स्टुलावरून म्हणालो होतो. हेही नोंदवून ठेवतो.) परत येऊन त्यांनी वहीत लिहिले, 'तारीख चुकली. चूक माझी.' पुढचा आठवडा खुर्चीवर त्याच बसल्या.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या स्टुलापाशी आल्या आणि म्हणाल्या, "काका, सुनावल्याची तारीख कोणती आणि सहीची कोणती, हे कसं ओळखायचं? मला नीट शिकवाल?" मी दीड तास शिकवले. इतके प्राथमिक ज्ञान प्रमुखाला नसावे याचे आश्चर्य मी लपवले नाही. त्यांनी सारे उतरून घेतले, दोनदा मुद्दाम बावळट प्रश्न विचारले, आणि शिकवता शिकवता मी मूळ नियम पुन्हा उघडून वाचला. महिन्याभरात यंत्रात दोन तारखांचे दोन रकाने आले. मी हे माझ्या व्याख्यानाचे यश समजलो. तुलाही तसेच सांगितले, आणि तू ते पृष्ठ बारावर 'बाईंचे गुरू' या मथळ्याखाली छापलेस.

तरीही पृष्ठ नऊ वाचून मला राग आला. बाईंकडून अशी चूक होणे शक्य नाही, दुसऱ्या कोणाची तरी त्यांनी पोटात घातली असणार, अशी माझी खात्री पटली. मी टायवाल्यावर (मामीसाठी: कचेरीत एकटाच टाय लावून येतो तो) संशय घेतला. त्याला घेऊन तळघरात उतरलो आणि रेकॉर्डवालीकडून सात वर्षांपूर्वीचा गठ्ठा सोडवून घेतला. त्या साली आपण दहावीत होतो, असे तो जिन्यावर नम्रपणे म्हणाला. मी त्याला गप्प बसवले. कागद निघाला. सहीच्या तारखेभोवती गोल, बाजूला बरोबरची खूण, खाली आद्याक्षरे. टायवाल्याने कागद उजेडात धरला. मग हळूच म्हणाला, "काका, आपल्याकडे हिरवी शाई आणखी कोण वापरतं?"

रेकॉर्डवालीने मला तिचे स्टूल दिले. त्यालाही पाठ नव्हती.

हा कागद बाईंनी त्याच दिवशी पाहिला होता. पुढे सहा वर्षे, शेवटच्या आजारपणातही, त्यांनी एका शब्दाने दर्शवले नाही. उलट माझी चूक मलाच शिकवायला लावून ती माझ्याकडून कायमची काढून घेतली, आणि वर आभार मानले. भाच्या, मी पुष्कळ विद्वान पाहिले. एवढे मोठे माणूस पाहिले होते, पण पाहताना मला कळले नव्हते.

सोबतचे शुद्धिपत्र स्मरणिकेच्या प्रत्येक प्रतीत चिकटवावे.

तुझा
मामा

ता. क. शिरस्त्याप्रमाणे येत्या सोमवारपासून खुर्ची मला मिळावी. तेथे सध्या टायवाला बसतो. त्याची या आठवड्यातील चूक किरकोळ आहे. माझ्या कंबरेचे कारण पुढे करू नकोस. ते खरे आहे, पण कारण ते नव्हे.

शुद्धिपत्र

पृष्ठ ९ : 'निकाल १२ मार्च' ऐवजी '३ मार्च'. १२ ही सहीची.

पृष्ठ ९ : बाई धावल्या ती तारीख '११ एप्रिल' नव्हे, '२ एप्रिल'. (तूही तीच चुकीची तारीख उचललीस. वहीत लिही.)

पृष्ठ १२ : '३ एप्रिल, काकांनी बाईंना शिकवले.' तारीख बरोबर. नावांची अदलाबदल करावी.

पृष्ठ १६ : 'काकांची एकही चूक वहीत नोंदलेली नाही.' नोंदलेली आहे. काल, सकाळी अकरा वाजता, हिरव्या शाईत.