नवव्या क्रमांकाची बाई

१० जानेवारी १९५७
बाबा काल सकाळी सव्वानऊला गेले. दुपारी जलंगीच्या घाटावर दहन. परत यायला चार वाजले. बाबांचा कारागीर फटिक, त्यानं मातीच्या मूर्तींच्या कारखान्याला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. मी कोरं धोतर नेसलो. जेवलो नाही.

१२ जानेवारी
महिनाभर सुतक. दिवसातून एकदा मडक्यात भात, त्यातच कच्चं केळं, वरून तूप, मीठ नाही. पायात काही नाही. ८ फेब्रुवारीच्या श्राद्धापर्यंत कोर्टातली रजा मंजूर झाली. हेडक्लार्क म्हणाले, "मग नकला कोण उतरवणार?" नंतर ओशाळले. "नाही नाही, तुम्ही सावकाश या!"
घरात दोघंच होतो. आता पाणी एकाच तांब्यात भरतो.

१७ जानेवारी
आज कारखाना उघडला. आठ दिवसांत कोळ्यांनी जाळी केली आहेत. फळीवर सगळे जागच्या जागी — गारुडी, गोसावी, पालखीचे भोई, भिकारी, हुक्का ओढणारा जमीनदार. प्रत्येक वीतभर उंच. फळीच्या टोकाला घडा घेतलेली बाई. लहानपणापासून हेच बघत आलो.

तीन वर्षांपूर्वीचं भांडण आठवलं. खरं तर भांडण नव्हेच, मी एकटाच बोललो होतो. म्हणालो, "इंग्रज साहेब गेले, सात वर्षं होत आली. तरी तुम्ही त्यांच्यासाठी गारुडीच करताय. आपल्यात वकील नाहीत? मास्तर नाहीत? जगाला वाटतं आपण सगळे साप घेऊन फिरतो." बाबा भोयाच्या पोटऱ्या घासत होते. म्हणाले, "वकील करतो की. तू घेशील विकत?"
फटिक हसला. मी उठून गेलो. त्यानंतर मी कारखान्यात पाऊल टाकलं नाही. जेवायला हाक मारायचो तीही दारातून.

१९ जानेवारी
कलकत्त्याहून मल्लिकबाबू आले. बाबांचा माल परदेशी पाठवणारे तेच. दोन मिनिटं डोळे पुसले, मग खिशातून यादी काढली. परदेशातल्या कुठल्या मोठ्या प्रदर्शनात 'हिंदुस्थानचे लोक' असा बारा मूर्तींचा संच जायचा आहे. अकरा तयार आहेत. बारावी — यादीतली नववी — 'हिंदू विधवा'.
म्हणाले, "तुमच्या वडिलांनी अकरा वर्षं मला विधवा करून दिली नाही. काहीही मागा, विधवा नाही म्हणजे नाही! असा हट्टी माणूस. अहो, विधवा नसली तर त्या लोकांना हा हिंदुस्थान वाटतच नाही."
मी म्हणालो, करणारेच गेले. आता कोण करणार?
त्यांनी फळीकडे बघितलं. घडेवाल्या बाईला उचललं, उलटसुलट केलं. "नवी कशाला करायची? हिची लाल काठाची साडी काढा, पांढरी नेसवा. बांगड्या उडवा. भांगातला सिंदूर पुसला की झालं काम. चेहरा असा आहे, बघणारा रडेल."
मी बरं म्हणालो. मला ते लवकर जायला हवे होते.

२० जानेवारी
फटिकनं साडी सोडली. पांढऱ्या मलमलीचा तुकडा नेसवला. शंखाच्या बांगड्या छिन्नीनं टिचकी मारून उडवल्या. हातातला घडाही काढला. भांगाशी मात्र थांबला. म्हणाला, "दादा, हिचा भांग मालक स्वतः भरायचे. चोवीस वर्षं आहे मी इथं, मला हात लावू दिला नाही. बाकी साऱ्यांना सिंदूर मी लावायचो."
मी म्हणालो, "शेवटी रंगच ना?"
तरी तो बसून राहिला. मग फडकं मीच ओलं करून दिलं.
एका पुसण्यात निघाला.

२२ जानेवारी
बारा मूर्ती भुशात बसवल्या. पेटी बैलगाडीनं स्टेशनला गेली.

२७ जानेवारी
काही नाही. भात, केळं. दुपारी बाबांचे चष्मे सापडले, तीन. तिन्हींच्या काड्या दोऱ्यानं बांधलेल्या.

२ फेब्रुवारी
मल्लिकबाबूंनी प्रदर्शनासाठी कलकत्त्यातच छापून घेतलेलं पुस्तक पाठवलं. गुळगुळीत कागद. बाराही मूर्तींचे फोटो, खाली आकडे, इंग्रजीत नावं. 'नऊ. हिंदू विधवा, बंगाल.' बाबांचं नाव कुठंही नाही. मी शेवटपर्यंत पानं उलटून पाहिली.

४ फेब्रुवारी
शांतिपूरहून खेंती-पिशी आली. बाबांची धाकटी बहीण — माझी आत्या. मांडीचं हाड मोडल्यामुळे बाबा गेले तेव्हा येऊ शकली नव्हती. दोन माणसांनी धरून ओसरीवर बसवली. बसताच सुरू. मी अजून तिचा खोका, म्हणजे बाळच. "खोका, काय रे हे, वाळलेलं भेंडं झालास! दाढीत तर हुबेहूब तुमचा तो भिकारी दिसतोस. तुलाही फळीवर ठेवला असता माझ्या भावानं." मग रडली. मग पुन्हा, "चहा करतोस की सुतकात तोही बंद?"

संध्याकाळी मी तिला ते पुस्तक दाखवलं. मी कुणाला काही दाखवत नाही. का दाखवलं कळत नाही. तिनं चष्मा कपाळावर सरकवला, पान नाकाशी नेलं. गारुड्याला हसली. जमीनदाराला म्हणाली, "हा आमचा सरकारमामा. मेल्याचं पोट अजून तसंच!" एकेक ओळखत गेली. बाबांनी सगळे चेहरे गावातलेच घेतलेत हे मला ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षं मी त्यांना नमुने समजत होतो.

नवव्या पानावर थांबली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली —
"तुझ्या आईचा सिंदूर कुणी पुसला रे?"

मी वाकून पान बघितलं.
"सवाशीण गेली ती. भांग भरून, पायाला अळता लावून नेली, मी स्वतः लावला. आणि हे काय? माझ्या भावानं, भुवननं हे केलं? भुवन असं करणार नाही."
मी म्हणालो, ही आई आहे मला माहीत नव्हतं.
"माहीत नव्हतं! अरे, तिच्यासमोरच लहानाचा मोठा झालास!"

आई गेली तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. घरात तिचा फोटो नाही. बाबा तिच्याबद्दल बोलायचे नाहीत, मी विचारायचो नाही. पिशी म्हणाली, आई गेल्यावर बाबा पाच महिने मातीला शिवले नाहीत. मग एक दिवस घाटाच्या वाटेकडे तोंड करून बसले — ती घडा घेऊन यायची ती वाट — आणि आठवणीनं चेहरा केला, साचा काढला.
मी विचारलं, मग विकायचे का तिला? एवढ्या विकल्या!
पिशी म्हणाली, "मीही विचारलं होतं. म्हणाला, ठेवली तर एकच राहील. विकली म्हणजे पुन्हा करायला मिळते."

५ फेब्रुवारी
माझ्याजवळ आईचा हा एकच फोटो आहे. त्यात ती विधवा आहे. सिंदूर पुसला तेव्हा बाबा गेले त्याला अकरा दिवस झाले होते.

६ फेब्रुवारी
पहाटेच्या गाडीनं कलकत्ता. अनवाणीच. मल्लिकबाबूंनी गादीवर बसा म्हटलं. सुतकात म्हणून मी जमिनीवर बसलो. माणूस वाईट नाही. डाब, म्हणजे शहाळं, मागवलं.
मी म्हणालो, नववी मूर्ती परत हवी.
"अहो, बोट तीस तारखेला सुटली! आता भर समुद्रात असेल."
मी म्हणालो, मग नाव तरी बदला. एक पत्र लिहा. ती विधवा नाही.
ते म्हणाले, "मातीची आहे ती, पालबाबू. विधवा नाही म्हणजे?"
माझी आई आहे, एवढं सोपं वाक्य. ओठांपर्यंत आलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, एक नोकर पंख्याखाली उभा होता. मी म्हणालो, "वडिलांनी तशी केली नव्हती."
"पण तुम्ही दिलीत ना!" ते म्हणाले. रागानं नाही.
होय. मी दिली.
ते दारापर्यंत आले. म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. तिथं सगळ्यात जास्त लोक तिच्यापुढंच थांबतील बघा."
गाडीत उभं राहून आलो. रानाघाटनंतर जागा झाली, तरी उभाच होतो.

८ फेब्रुवारी
श्राद्ध झालं. डोकं भादरलं. पिंड देताना भटजींनी आईचं नाव विचारलं. मी सांगितलं — निभाननी. हे नाव मी किती वर्षांनी उच्चारलं, आठवत नाही. त्यांनी पुन्हा सांगायला लावलं.
फटिक कोपऱ्यात बसला होता. त्याला पिशीनं सगळं सांगितलं आहे. पंगत उठल्यावर माझ्याजवळ येऊन म्हणाला, "साचा आहे दादा. वरच्या फळीवर, कापडात." मग म्हणाला, "मी करतो."
मी नको म्हणालो.

९ फेब्रुवारी
पिशी सकाळच्या बसनं गेली. जाताना म्हणाली, "आता तरी मीठ घालून जेव."

१० फेब्रुवारी
कोर्टात रजा वाढवायचा अर्ज पाठवला. कारणाच्या रकान्यात लिहिलं — घरचं काम. जन्मभर मी त्याला बाबांचं काम म्हणत आलो.
फटिकला आज सुट्टी दिली. माती चाळली, भिजवली, दुपारभर मळली. साचा उघडून फुंकर मारली. नाकाच्या खोबणीत जुनी वाळकी माती होती. ती खरवडली नाही. वर नवी दाबली. संध्याकाळी चेहरा निघाला. हनुवटी जरा दबली आहे, पण निघाला.
वाळायला चार दिवस, मग भट्टी. रंगाची घाई नाही. तरी खलात लाल घेतला आणि घोटत बसलो.