राणीला जागा हवी आहे

दि. १४, मंगळवार दुपार

चि. भाऊजी,

अनेक आशीर्वाद. वहिनीचं अक्षर बघून पाकीट न फोडताच बाजूला टाकलं नसेल, असं धरून चालते. इकडे सगळं ठीक. तुमच्या दादांची तब्येत ठीक आहे. माझे गुडघे कुरकुरतात, पण ऐकतंय कोण! जाऊबाईंच्या हाताला प्लास्टर होतं असं कानावर आलं होतं. निघालं असेल एव्हाना.

चार वर्षांनी लिहितेय, तर आढेवेढे न घेता कामाचंच बोलते. मला जागा हवी आहे. माझ्यासाठी नाही हो, गाडीसाठी.

खिडक्या-दारांचा कारखाना बंद केल्यावर दादांनी एक जुनी बस घेतली आणि वर्षभर खपून तिचं मोटरहोम केलं. पलंग, ओटा, कपाटं, संडास, सगळं स्वतःच्या हातांनी. ते तिला राणी म्हणतात, मी धूड म्हणते. तीस फूट लांब आणि साडेअकरा फूट उंच! पलंग तेवढा चार इंच जास्त लांब झालाय. त्यामुळे संडासाचं दार अर्धंच उघडतं आणि मला श्वास रोखून आडवं शिरावं लागतं. "तूच चार इंच कमी हो," म्हणाले. आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो होतो.

तिच्यातून एकच सहल झाली, नऊ दिवसांची. खरं सांगू? मला फार आवडली. पण तुमच्या दादांना सांगितलं नाही, नाहीतर डोक्यावर बसले असते.

आता ती इमारतीसमोर उभी आहे. तळमजल्यावर शिकवणी घेणाऱ्या बाईंना भर दुपारी दिवा लावावा लागतो. सचिवांनी तिसरी नोटीस चिकटवली, महिनाअखेरीस हलवा म्हणून. चुकतंय कुठे त्यांचं? मीही हेच केलं असतं.

गेला महिना मी जागेसाठी वणवण करतेय. शाळेच्या बस जिथे उभ्या राहतात तिथे विचारलं, तर म्हणे रोज सकाळी सहाला गाडी बाहेर काढायची आणि आठला परत आत. बटाट्याच्या गोदामामागे मोकळं आवार होतं, पण जमीन इतकी भुसभुशीत की माझी चप्पलच रुतली, मग या धुडाचं काय होणार? एकाने नुसताच पत्र्याचा आडोसा दाखवला. तिथे उंदीर असे फिरत होते की जणू आम्हीच पाहुणे.

शेवटी फरशीवाल्याचं गोदाम मिळालं. पक्की जमीन, राखणदार, माणूसही भला. दार पुरेसं उंच आहे का एवढाच प्रश्न होता. "मी मोजतो," म्हणून दादा आपली टेप घेऊन निघाले.

ती टेप तुम्ही विसरला नसाल. पहिले चार इंच तुटलेले, पण टाकवेना म्हणून सगळ्या कारखान्याला त्यांनी तिच्यावरच मोजायला लावलं. जे वाचाल त्यातून चार वजा करायचे आणि वजा केल्याची खूण म्हणून आकड्याखाली ठिपका द्यायचा. नवा कामगार आला की पहिल्या दिवशी हेच शिकवायचे. "ठिपका नाही तर माप नाही!" मी डबा द्यायला आले तरी दारातून ऐकू यायचं.

त्यांनी दार मोजलं. "अकरा फूट नऊ. तीन इंच मोकळे आहेत, येऊ दे!" असं स्वतःलाच म्हणाले आणि गाडीत चढले. राखणदार आत उभा राहून हात दाखवत होता. मी बाहेर होते. असा काही आवाज झाला की सांगता सोय नाही. छतावरचं एसीचं खोकं उपटून खाली आलं, राखणदारापासून हातभर अंतरावर. तो बिचारा तिथेच खाली बसला.

दादा खाली उतरले. दाराकडे बघितलं, टेपकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि म्हणाले, "माप धाकट्याने घेतलं होतं ना?"

भाऊजी, वर मी तब्येत ठीक लिहिलं ते खोटं आहे. डॉक्टरांनी विसरण्याचा आजार सांगितला. गाडी चालवणं बंद. आणि सुरुवात आजकालची नाही, चार-पाच वर्षांपूर्वीची असावी म्हणाले. ते ऐकून मी तिथेच बोटांवर वर्षं मोजली. कारण चार-पाच वर्षांपूर्वीचं मला एक ठाऊक होतं.

त्या बेचाळीस खिडक्या. सगळ्या चौकटी चार-चार इंच मोठ्या निघाल्या आणि दादा सगळ्या कामगारांसमोर तुम्हाला नको नको ते बोलले. "मापं तू घेतलीस, खोटं बोलतोस," म्हणाले. तुम्ही शपथ घेऊन सांगत होतात की मापं दादांनीच घेतली. मापाची चिठ्ठी कुणाला सापडली नाही.

ती मला सापडली होती. तुम्ही निघून गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी, धुवायला काढलेल्या त्यांच्या शर्टाच्या खिशात. अक्षर त्यांचं. बेचाळीस मापं आणि एकाही आकड्याखाली ठिपका नाही.

मी ती दोऱ्यांच्या डब्यात ठेवली आणि गप्प बसले. स्वतःला सांगितलं, नवऱ्याची अब्रू आहे. पण खरं कारण तेवढंच नव्हतं. ज्या माणसाने आयुष्यभर ठिपका चुकवला नाही तो बेचाळीस वेळा चुकला, याचा अर्थ काय, ते मला बघायचंच नव्हतं. मी घाबरले, आणि त्यापायी तुम्हाला खोटं ठरू दिलं. पलंगाच्या वेळीसुद्धा हसण्यावारी नेलं.

आता घाई का, तेही सांगते. गाडीची किल्ली मी पिठाच्या डब्यात लपवली होती. परवा त्यांनी जास्तीची कुठूनशी शोधून काढली आणि इंजिन सुरू केलं. शिकवणी सुटली होती, पोरं गाडीच्या पुढूनच जात होती. मी अनवाणी धावले. कशी पोचले मला माहीत नाही.

लेक म्हणते विकून टाक. पण ते रोज आत जाऊन बसतात, खण उघडतात, स्क्रू आवळतात, तेवढा वेळ ते अगदी पहिल्यासारखे असतात. ते मी काढून घेऊ? परक्याच्या आवारात ठेवली तर कोणी हाकलून देईल, नाहीतर भला माणूस म्हणून किल्ली हातात देईल. गावातल्याच तुमच्या शेडमध्ये त्यांना रोज बसता येईल आणि किल्ली तुम्ही देणार नाही, एवढं मला माहीत आहे.

चिठ्ठी सोबत पाठवतेय. जुन्या कामगारांना दाखवा, मी हरकत घेणार नाही. दादा तुमची माफी मागतील अशी वाट मात्र बघू नका. भांडण झालं होतं हेच त्यांना आठवत नाही. माफी मागायला एकटी मीच उरलेय, आणि ती मी मागते.

तुमच्या शेडचं दार किती उंच आहे ते मोजून कळवा. गाडी मावत नसली तरी कळवा, रागाने का होईना.

आत्ता लिहिताना ते मागे येऊन उभे राहिले. कुणाला लिहितेस, विचारलं. मी तुमचं नाव सांगितलं. म्हणाले, "बरं झालं. त्याला म्हणावं, संध्याकाळी येताना टेप घेऊन ये. संडासाचं दार अडकतंय, दोघं मिळून बघू."

तुमची अपराधी,
वहिनी